आरोग्य प्रश्नोत्तरे : वसतिगृहातील मुलींना काय सांगावे?

प्रश्न : मी सांगलीतील एका महाविद्यालयात शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षातील एका मुलीने पाळी चुकल्यावर कोणाकडून तरी गोळ्या मिळवून घेतल्या आणि तीन दिवस खूप रक्तस्राव होऊनही ती गप्प राहिली. अविवाहित मुलीने गर्भपात केला तर पोलिस केस होते, अशी तिची समजूत होती. मलाही खात्रीने काही सांगता येईना. यंदा प्रजनन आरोग्यावर व्याख्यान ठेवायचे आहे, पण अशा माहितीने मुली बिघडतील, असे काही सहकाऱ्यांना वाटते.
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : त्या मुलीची समजूत आपल्या जिल्ह्यात सहज रुजते. 2017 साली मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर पुरलेले भ्रूण सापडले, तेव्हापासून गर्भपात हा शब्द अनेकांना गुन्ह्यासारखाच ऐकू येतो. म्हणून व्याख्यानात पहिल्यांदा गर्भलिंगनिदान आणि गर्भपात हे दोन विषय वेगळे करा. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा मात्र 1971 चा असून, त्याच्या चौकटीत नोंदणीकृत डॉक्टरांकडून केलेला गर्भपात कायदेशीर आहे.

2021 च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक साधन अपयशी ठरणे या गर्भपाताच्या कायदेशीर कारणात ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. कायद्यातील कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे लागते, आणि या टप्प्यातही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी स्पष्ट केले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची संमती पुरेशी असते, पालकांची सही लागत नाही. तिचे नाव अधिकार नसलेल्या कोणाला उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती लागते आणि पॉक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदाही लागू होतो.

आता सर्वांत जास्त घोळ जिथे होतो, त्या मोजणीकडे येऊ. गर्भधारणेचे आठवडे संबंध आला त्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी नियमित असेल तर ती चुकली तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. आणखी दोन महिने भीतीपोटी वाट पाहिली की गोळ्यांनी गर्भपात करण्याची नऊ आठवड्यांची मर्यादा निघून गेलेली असते. फळ्यावर कॅलेंडर काढून हे समजवा.

दुसरा घोळ गोळ्यांचा. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी आपत्कालीन गोळी गर्भधारणा टाळण्यासाठी असते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही गर्भपाताची औषधे वेगळी, आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत वाढत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. म्हणूनच आधी तपासणी हवी. सलग दोन तास दर तासाला दोन किंवा अधिक पॅड भिजणे, ताप, घाण वासाचा स्राव, चक्कर, पोटात एका बाजूला तीव्र दुखणे यांपैकी काहीही झाले तर गोळ्या कुठून आणल्या हा विचार मागे ठेवून रुग्णालय गाठायचे.

माहितीने मुली बिघडतात, या मताशी मी मुळीच सहमत नाही. तुमच्या त्या विद्यार्थिनीकडे गोळी पोहोचली होती. माहिती पोहोचली नव्हती. आणि व्याख्यानाला मुलांनाही बसवा, कारण निरोध कसा वापरायचा आणि नकार म्हणजे नकारच, हे त्यांना सांगणारे घरी बहुधा कोणी नसते.

पुन्हा एखादी मुलगी तुमच्या दारात आली, तर मुलगा कोण हे विचारू नका. शेवटच्या पाळीची तारीख विचारा, ती लिहून घ्या आणि त्याच दिवशी तिच्यासोबत सांगली किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात जा.