कॉफी मगवरचा स्पिटफायर आणि बारावीनंतरचा प्रश्न

(ओझरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरावी सायन्सला. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची चित्रं टॅबलेटवर काढतो आणि कॉफी मग, माउसपॅड, मोबाइल कव्हर, टोट बॅगांवर छापून विकतो. वडील एचएएलमध्ये (विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात) आहेत. त्यांच्या मते मेकॅनिकलशिवाय पर्याय नाही. मुलाला मात्र बारावीनंतर कॉलेजच नको, दुकान वाढवायचंय. ‘यात पोट भरेल का, आणि युद्धाची विमानं अशी कपाबशीवर छापणं बरं दिसतं का?’ असं आई विचारतात.)

नमस्कार ताई,

सोबत पाठवलेली चारही चित्रं नीट पाहिली. चिरंजीवांचा हात चांगला आहे. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखाची लंबवर्तुळाकार कड काढताना भल्याभल्यांची गडबड होते, त्यांनी ती बरोबर पकडली आहे.

आधी पोटाचं बोलू. मागणीनुसार छापून देणाऱ्या साइटवर 300 रुपयांचा मग विकला गेला आणि चित्रकाराचा वाटा 20 टक्के धरला, तर हातात 60 रुपये येतात. महिन्याला 20,000 मिळवायचे तर तीनशे चौतीस मग खपायला हवेत, आणि तेही दर महिन्याला. घरी हीट प्रेस (उष्णतेने चित्र उमटवण्याचं यंत्र) घेतलं तर वाटा वाढेल, पण मग पोरगा चित्रं कमी काढेल आणि कुरिअरचे खोके जास्त चिकटवेल. टोट बॅगेचे रंग दोन धुण्यांत उडाले असं तुम्ही लिहिलंय. सब्लिमेशनची शाई उष्णतेने वायू होऊन पॉलिस्टरमध्ये शिरते. सुती कापडावर ती टिकतच नाही. मगवर टिकते, कारण त्यावर तसं कोटिंग असतं. सुती पिशवीला स्क्रीन प्रिंटिंग किंवा डीटीएफ (आधी फिल्मवर छापून मग कापडावर उमटवणं) करून घ्या.

आता मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते. तिसऱ्या चित्रात बर्माच्या पॅगोड्यांवरून जाणारा स्पिटफायर आहे आणि त्याच्या पंखावरच्या गोल चिन्हात मध्यभागी लाल ठिपका आहे. तिथे तो नसायचा. जपानी विमानांवर लाल गोळा असल्यामुळे आपल्याच माणसांनी आपल्यावर गोळ्या झाडू नयेत म्हणून भारत-बर्मा आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरचा लाल रंग काढून टाकला होता. गडद आणि फिका असे दोन निळे रंग उरले. 1944 मध्ये आपल्या हवाई दलाची 8 क्रमांकाची स्क्वाड्रन स्पिटफायरवर आली, तिच्या विमानांनाही हाच नियम. हे मी चूक काढायला सांगत नाही. (थोडंसं काढायलाही सांगतोय.) या चित्रांचं खरं गिऱ्हाईक असले ठिपके तपासणारं असतं. ब्रिटनमध्ये कुणाचे आजोबा अमुक स्क्वाड्रनमध्ये होते, त्याला नेमकं तेच विमान, तीच कोड अक्षरं, तोच अनुक्रमांक हवा असतो. असं चित्र तो सांगून काढून घेतो आणि त्याचे पैसे मगच्या हिशेबाने देत नाही.

एअरफिक्सच्या प्लास्टिक विमानांच्या खोक्यांवरची चित्रं काढून नावाजलेले रॉय क्रॉस यांनी युद्धकाळात फेअरी या विमान कंपनीत तांत्रिक चित्रकार म्हणून काम केलं होतं. विमानाचा कुठला पत्रा कुठे जोडलाय हे आधी ठाऊक झालं, रंग त्यावर चढले. म्हणून वडिलांचा आग्रह मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. ज्या घरात एकेकाळी मिग बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस राहतो, त्या घरातल्या चित्रकाराने ते ज्ञान फुकट घालवू नये. पण त्यासाठी मेकॅनिकलच करायला हवं असं नाही. प्रॉडक्ट डिझाइन आहे, उपयोजित कला आहे, गेमसाठी विमानांची थ्रीडी मॉडेल्स करणं आहे, देखभालीच्या मॅन्युअलमधली चित्रं आहेत. आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते, त्यामुळे सायन्स सोडायची गरज नाही. जे.जे.ची उपयोजित कला, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची संस्था, आणि राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून मिळणारी बीएफए या कलेच्या पदवीची कॉलेजं, असे बाकीचे दरवाजे आहेत. तोवर दुकान चालू ठेवू दे, पोर्टफोलिओ म्हणून ते उत्तम आहे. फक्त कॉलेजऐवजी दुकान, हे मला पटत नाही.

एक गोष्ट त्याला जरा कडक शब्दांत विचारा: चित्रं कशावरून काढतो? दुसऱ्या चित्राची मांडणी एखाद्या फोटोवरून जशीच्या तशी गिरवल्यासारखी वाटते. आपल्याकडे चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. नेटवर सापडलं म्हणजे आपलं झालं असं होत नाही. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेले फोटो त्यांच्या देशात सर्वांना खुले असतात, तिथून सुरुवात करावी. त्याहून चांगलं म्हणजे सुट्टीत दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जाऊन स्वतः स्केचेस करणं. तिथे स्पिटफायर, हरिकेन, टेम्पेस्ट प्रत्यक्ष पाहायला मिळतात.

आणि चौथ्या चित्रातल्या मेसरश्मिट या जर्मन विमानाच्या शेपटीवर स्वस्तिक आहे. इतिहास म्हणून ते बरोबर आहे, पण जर्मनीत नाझी चिन्हं मालावर छापून विकणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि बऱ्याच साइट्स असा माल काढून टाकतात. विमानांच्या मॉडेलच्या खोक्यांवरही ते चिन्ह बहुधा वगळलेलं असतं.

बरं दिसतं का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या शेपटीपाशीच थांबतं. विमानाचं चित्र काढणं म्हणजे युद्धाचा गौरव असं मी मानत नाही. बॉम्ब टाकतानाचं दृश्य चहाच्या कपावर मला नको वाटेल. तुम्हालाही वाटत असेल तर तसं त्याला स्पष्ट सांगा.

शेवटी व्यवहाराचं. तो अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याने केलेला करार कायद्याने धरला जात नाही, म्हणून दुकानाचं खातं तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर असू दे. स्वतःच्या कौशल्यातून मुलाने मिळवलेलं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, तेव्हा त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा आणि एकदा सीएला दाखवा.