कॉइलओव्हर घ्यावेत का?

प्रश्न : माझी जुनी सेडान वळणावर झुकते, वेगात तरंगते. मित्र म्हणतो, महागडे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र सेट) बसव. पैसे वसूल होतील का?

उत्तर : आधी गाडीखाली वाका, मग कॅटलॉग उघडा. तरंगणं हे बहुतेकदा दमलेल्या शॉकअपचं लक्षण. त्यावर तेल ओघळून धूळ चिकटलीय का? लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, सांध्यातल्या बुशचं रबर चिरलंय का? टायर एकाच कडेने झिजलेत का? नवे शॉकअप, बुश, चांगले टायर आणि अलाइनमेंट, एवढ्यावरच बऱ्याच गाड्या ताळ्यावर येतात. झुकणं तरीही खुपलं तर जाड अँटी-रोल बार (झुकणं रोखणारा दांडा) बसवा.

कॉइलओव्हरमध्ये उंची बदलता येते, भारी सेटमध्ये डॅम्पिंगही, म्हणजे शॉकअपचा कडक-मऊपणा. ट्रॅकवर जाणाऱ्याला त्याचं मोल. रोजच्या वापरात बहुतेक जण एकदा सेटिंग करतात आणि विसरतात! शिवाय स्प्रिंग सहसा कडक, त्यामुळे खड्डा थेट कमरेला कळतो. शॉकअपवरच्या आट्यांत चिखल बसला की उंची बदलायची कॉलर (रिंग) जाम होते. उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा. स्वस्त सेटच्या वाटेला तर जाऊच नका.

ट्रॅकचा नाद असेल तर जरूर घ्या, पण शॉकअप उघडून दुरुस्त करणारा कारागीर आधी गाठा.