नांदी नव्हे, पताकास्थानक

प्रश्न असा आहे: नायकावर पुढे जे ओढवणार त्याची चाहूल एखाद्या नोकराच्या किंवा द्वारपालाच्या साध्या वाक्यातून लागते, त्याला 'नांदी' म्हणावं का?

अजिबात नाही. सदाशिव पेठेतल्या तालमींपासून वर्तमानपत्रांतल्या 'युद्धाच्या नांदी'पर्यंत या शब्दाची पार रया गेली आहे. नांदी 'नन्द्' धातूतून आलेली. ती नाटकाआधीचं मंगलाचरण. लग्नात नांदीश्राद्ध करतात ते काय पुढच्या भांडणाचा इशारा म्हणून? नांदीतही कथानक सुचवलेलं असतं, असं पंडित मंडळी सांगतील. असेना! ती म्हणतो सूत्रधार, नोकर नव्हे.

तुम्हाला हवा तो शब्द पताकास्थानक. 'पत्' म्हणजे उडणं, आणि पडणंही. पतंग, पत्र, पतन, पताका ही एकाच घरची भावंडं. लक्ष्मी रस्त्यावर आधी पताका दिसतात, पालखी मागाहून येते. तसंच हे.

आता 'वेणीसंहार' या भट्टनारायणाच्या संस्कृत नाटकाचा दुसरा अंक पाहा. दुर्योधन भानुमतीला आपल्या मांड्यांवर बसायला सांगतोय, 'ऊरुयुग्मम्' (दोन्ही मांड्या) हा शब्द तोंडातून बाहेर पडतो न पडतो तोच कंचुकी, म्हणजे अंतःपुरातला म्हातारा सेवक, धावत येतो: 'भग्नं भग्नम्!' मोडलं, मोडलं! कोणी? 'भीमेन.' कोणाचं? 'भवतः', म्हणजे आपलं. मग उलगडा होतो, की 'भीम' म्हणजे भयंकर, आणि भयंकर वाऱ्याने महाराजांच्या रथावरचा ध्वज मोडला. म्हणजे पताकास्थानकात मोडते ती पताकाच! शास्त्रकारांनी नाव ठेवलं ते यावरून नव्हे, पण नाटककाराने पताकाच मोडावी, हा मला योगायोग वाटत नाही.

अशा वाक्याला 'गंड' म्हणा, असा कुणी 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथाच्या आधारे आग्रह धरेल. न्यूनगंडाच्या काळात नटाला 'तुझ्या वाक्यात गंड आहे' सांगून बघा.

हा प्रसंग मराठीत करताना लिंग सांभाळा. 'मांडी' म्हटलंत तर 'मोडली, मोडली!' आणि मोडलेली वस्तू पताकाच हवी. 'ध्वज' घातलात की सांधा निखळला. कंचुकी घाईत असावा, त्याने दुर्योधनाच्या शब्दाला शब्द भिडवावा. मध्ये श्वास घेतला किंवा प्रेक्षकांकडे अर्थपूर्ण नजर टाकली, की ती सूचना न राहता भाकीत होतं. त्याला फक्त ध्वजाचं ठाऊक आहे. अडतं ते 'भीमेन'पाशी. मराठीत असल्या विशेषणाला विभक्ती लागत नाही, त्यामुळे 'भीमाने' म्हणजे फक्त भीमच, आणि 'भीम वाऱ्याने' म्हटलं तर पांडव नाहीसा होतो.