टाके काढले म्हणजे ऑपरेशन फसलं का?

प्रश्न: सिस्टर, माझ्या आत्तींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवलीय. वय 62, शुगर आहे. सातव्या दिवशी टाक्याजवळ लाल झालं, आठव्या दिवशी पू आला. डॉक्टरांनी दोन टाके काढून जखम उघडीच ठेवली. सकाळचं ड्रेसिंग दवाखान्यात होतं, संध्याकाळचं घरी मिस्टर करतात, म्हशींच्या धारा काढून झाल्यावर. गल्लीतल्या बायका म्हणतात ऑपरेशन फसलं. भात, डाळ, अंडी बंद केलंय, पू वाढतो म्हणून. एकीनं जखमेत हळद भरायला सांगितलीय. मिस्टर म्हणतात मेडिकलमधून जास्त पॉवरची गोळी आणू. काय करू?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी मनातली भीती काढा. आत पू झाला असताना वरनं टाके तसेच ठेवले असते, तर मी काळजी केली असती. पू कोंडला की आत पसरतो. म्हणून टाके काढायचे, जखम धुवायची, गॉज भरायचा आणि ती तळापासून भरून येऊ द्यायची. 31 वर्षं सर्जिकल वॉर्डात मी हेच बघितलंय. वेळ लागतो, पण जखम भरते. तळाशी लालभडक, दाणेदार मांस दिसायला लागलं, की समजा गाडी रुळावर आली.

हळद अजिबात नको. एका आजोबांच्या जखमेतनं हळदीचे गोळे चिमट्यानं काढायला मला पाऊण तास लागला होता. ते दात आवळून पडून होते, ओरडले नाहीत. ते अजून आठवतं.

आता मिस्टरांचे हात. राग मानू नका, पण मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते. धारा काढलेल्या हातांनी गॉज धरायचा नाही. अंगठी काढायची, नखं कापायची, कोपरापर्यंत साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे, स्वच्छ टॉवेलनं पुसायचे. शक्यतो ड्रेसिंग आधी, धारा नंतर. व्हिएन्नात 1847 मध्ये डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी हे शिकले, ते अंगवळणी पडलं.

खाण्याचं पथ्य आजच मोडा. डाळीनं, अंड्यानं पू होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडं, डाळ, दही, पांढरा रस्सा, मटणाचे दोन तुकडे, सगळं चालेल. किडनीचा त्रास असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारा. भात बेतानं, कारण शुगर. शुगर चढलेली असली की जखम रेंगाळते, म्हणून रोज तपासा.

गोळी मनानं आणू नका. पू कल्चरला पाठवलाय का, हे डॉक्टरांना विचारा. दोन-तीन दिवसांत कोणते जंतू आहेत आणि कोणतं औषध त्यांना लागू पडतं, ते कळतं. चूक कुणाची, हे एका जखमेवरून सांगता येत नाही. कधी थिएटरमध्ये हयगय होते, कधी पेशंटच्याच कातडीवरचे, नाकातले जंतू आत जातात. पण विचारायचा हक्क तुम्हाला आहे, स्पष्ट विचारा.

एक काम आज संध्याकाळीच करा. लाली जिथं संपते तिथं कातडीवर बॉलपेननं रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. लाली रेघेच्या बाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, घाण वास सुटला किंवा आत्ती गुंगीत बोलायला लागल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. जाळी आहे म्हणून जखम भरल्यावरही ऑपरेशनपासून 90 दिवस लक्ष ठेवा. टाक्याच्या रेषेवर बारीक भोक पडून पाणी गळत राहिलं, तर दाखवायला उशीर करू नका.