टाके निघाले, तरी डाग लालच का?

"ताई, टाके निघून दीड महिना झाला. डाग फिका पडायचा सोडून उलटा लाल होतोय."

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसली तरी तिने गालावरची ओढणी काढली नव्हती. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, स्कूटरवरून जाताना पतंगाचा मांजा गालावर घासला, सात टाके पडले. बँकेत काउंटरवर बसणारी मुलगी रजा वाढवत होती. मोबाइलमध्ये गालाचे फोटो होते, एकाच दिवसाचे अकरा.

मी डॉक्टर नाही, म्हणून आधी तिला तिच्या सर्जनना दाखवून यायला सांगितलं. पुढच्या भेटीला ती उत्तरं लिहूनच घेऊन आली. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे टाके पाच-सात दिवसांत निघतात. पण आतली भरणी महिनोन् महिने चालते. पहिले दोन-तीन महिने डाग लाल, टणक, खाजरा वाटू शकतो. तो निवायला वर्ष, कधी दीड वर्षही लागतं. म्हणजे तिला जे बिघडणं वाटत होतं, ते भरून येणंच होतं. हे ऐकल्यावर ती बराच वेळ रडली. मी मध्ये बोलले नाही.

खरा पेच घरात होता. सासूबाई रोज रात्री मायेने हळद-साय लावत. सर्जननी ते थांबवून सिलिकॉन जेल आणि घराबाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन सांगितलं होतं, कारण कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो. "आईंना नको कसं म्हणू?" नको म्हणायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. "आई, सकाळी क्रीमची आठवण तुम्ही करा, मी विसरते," एवढंच ती म्हणाली. आता सासूबाई दारात ट्यूब घेऊन उभ्या असतात.

फोटोचं मात्र मी हट्टाने बदलून घेतलं: महिन्यातून एक, त्याच खिडकीपाशी, सकाळी. तासातासाला पाहून फरक कळत नाही, काळजी तेवढी वाढते. लाली आजूबाजूला पसरली, पू आला, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. डाग जखमेच्या कडेबाहेर फुगत गेला तरी दाखवायचं.

लोक विचारतील त्याचं उत्तर आम्ही खोलीत चार-पाचदा म्हणून पाहिलं. मार्चअखेर ती कामावर गेली. पहिल्याच आजोबांनी पासबुक सरकवत विचारलं, "गालाला काय झालं गं?"

"मांजा लागला होता, आजोबा. भरतंय आता." आणि तिने पासबुक मशीनमध्ये घातलं.