आधी हद्द बघ

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेतल्या एका उपनगरी सरकारी हायस्कूलचा इतिहास लिहायला घेतलास. मुख्याध्यापकांची यादी, फुटबॉलचे चषक, इयरबुकमधले फोटो, सगळं जमवलंस आणि आता म्हणतेस, "सर, यात गोष्टच सापडत नाही." कशी सापडेल? तू इमारतीच्या आत शोधते आहेस. बाहेर ये. आधी हद्द बघ.

स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीच्या, नकाशावरची रेघ म्हणतोय मी. तिथल्या शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. रेघेच्या आत कोणाची घरं आली, त्यावर शिक्षकांचे पगार नि प्रयोगशाळा ठरतात. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ शहरातल्या दोन डिस्ट्रिक्टचे, गरीब एजवूडचे आणि श्रीमंत अलामो हाइट्सचे, आकडे घे, 1967-68 सालचे. एजवूडचे लोक 100 डॉलरच्या मालमत्तेमागे 1.05 डॉलर कर भरत, अलामो हाइट्सचे 0.85. शाळांना पैसा पुरवण्याच्या राज्याच्या योजनेतला आपला वाटा भरून झाल्यावर एजवूडकडे दर मुलामागे 26 डॉलर उरत, अलामो हाइट्सकडे 333. जास्त कर भरणाऱ्यांच्या हाती कमी! 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ही पद्धत चालू दिली.

1874 चा कॅलामाझू खटला तू पहिल्याच प्रकरणात घेतलास, बरं केलंस. हायस्कूलसाठीही कर बसवता येतो हे मिशिगनच्या न्यायालयाने तिथे मान्य केलं. पण त्याच मिशिगनमधला 1974 चा मिलिकन विरुद्ध ब्रॅडली हा खटला कुठे आहे? डेट्रॉइटच्या शाळांतली वर्णभेदी विभागणी मोडायला खालच्या न्यायालयाने आसपासचे 53 डिस्ट्रिक्ट योजनेत ओढले होते. सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा 5 विरुद्ध 4 मतांनी, ते रद्द केलं: उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा हद्द ओलांडायची नाही. हे वगळून तू त्यानंतरचे वर्गफोटो कसे वाचणार, सांग मला.

तू लिहितेस, "हे सगळं शाळेबाहेरचं वाटतं." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथातून समितीने माझं हद्दीवरचं प्रकरण काढलं, तेव्हा मी ग्रंथावरून माझं नाव काढून घेतलं. जुने स्नेही दुरावले. त्याची हळहळ आजही वाटते. तरी सांगतो, तेच योग्य होतं. आत आलेल्यांचं कौतुक करायचं आणि बाहेर कोणाला ठेवलं ते लिहायचं नाही, याला मी इतिहास म्हणत नाही.

तू कष्टाळू आहेस, कागद वाचायला कंटाळत नाहीस, म्हणून तर एवढा चिडून लिहितोय.

आता इयरबुक मीट. काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून शाळेभोवतीच्या पहिल्या घरांची खरेदीखतं काढ. 1947 पासून न्यूयॉर्कजवळ उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या उपनगरी वसाहतीच्या सुरुवातीच्या भाडेकरारात गोऱ्यांखेरीज कोणाला घरात राहू द्यायचं नाही असं कलम होतं. घरकामाचा नोकर मात्र चालेल, अशी पुस्ती जोडून. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की अशी बंधनं न्यायालयांनी अंमलात आणायची नाहीत. पण जुन्या खतांवरची शाई कोण पुसणार? तुझ्या शाळेच्या गावात काय होतं ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही. म्हणून जा.

मग स्कूल बोर्डाची इतिवृत्तं घे. नव्या इमारतीच्या कर्जरोख्यांवर मतदान कधी झालं, हद्द कोणत्या वर्षी सरकली, कोणी विरोध केला, ते उतरव. पुढच्या पत्रात प्रकरण नको, नकाशा पाठव. रेघ कोणत्या रस्त्यावरून जाते आणि पलीकडच्या फुटपाथवरची मुलं कोणत्या शाळेत जातात, ते त्यावर तुझ्या अक्षरात लिहून.