साठीनंतर पहिली अद्भुतरम्य कादंबरी छापून येऊ शकते का? मी वेंगुर्ल्याला राहतो.

येऊ शकते. रिचर्ड अ‍ॅडम्स यांची सशांच्या जगावरची पहिली कादंबरी १९७२ साली आली तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. प्रकाशक आधी हस्तलिखित बघतो, जन्मतारीख नंतर.

तुमच्याकडे तर भांडवल दारातच आहे. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला, भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावभर फिरतो नि त्या झिजतात, अशी श्रद्धा. आता विचारा, एका रात्री त्या झिजल्याच नाहीत तर? राखणदाराला घातलेलं गाऱ्हाणं कोण ऐकणार? उडते ड्रॅगन कशाला हवेत! फक्त त्या जगाचे नियम आधी पक्के करा, नाहीतर माझ्यासारखं विसाव्या प्रकरणात देवचाराला (कोकणातल्या राखणदार भुताला) नाइलाजाने मारावं लागेल.

छपाईचं थोडक्यात सांगतो. ‘अर्धा खर्च तुमचा’ म्हणणाऱ्या प्रकाशकापासून सावध राहा, माझ्या पुस्तकांचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत, वाळवीची सोय झाली. स्वतःच छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणाला देऊ नका. आणि मालवणी संवाद कापा म्हणाले तरी कापू नका.